इरावतीबाईंना हे कुठून कळलं?

विदुर हा युधिष्ठिराचा खरा बाप असावा, हे इरावती कर्व्यांना कुठून कळलं?

'युगान्त' वाचलेल्या प्रत्येकाला तो लेख आठवतो. कुठल्याही ग्रुपवर महाभारताचा विषय निघाला की कोणीतरी तो टाकतंच, आणि टाकताना सोबत वाक्य असतं, 'इरावती कर्व्यांनी सिद्ध केलंय की...' बाईंनी असं काहीही सिद्ध केलेलं नाही. त्यांना एक शंका आली, तिच्या बाजूने जे जे मिळालं ते त्यांनी गोळा केलं आणि शंका म्हणूनच वाचकापुढे ठेवलं. पण काय काय गोळा केलं, ते बघण्यासारखं आहे.

कुरुकुळात नियोगाची चाल होती. खुद्द धृतराष्ट्र, पंडू आणि विदुर यांचे जन्म तसेच झालेले. नवऱ्याच्या जागी दीर हा त्या चालीतला नेहमीचा पर्याय, आणि पंडूचा धाकटा भाऊ विदुर. तो दासीपुत्र, म्हणजे गादीवर हक्क सांगू शकणार नाही असा सोयीचा माणूस. युधिष्ठिर यमधर्माचा मुलगा, आणि विदुर हा मांडव्य ऋषींच्या शापामुळे माणसात जन्मलेला यमधर्मच, असं महाभारतच सांगतं. पांडव वनवासात गेले तेव्हा तेरा वर्षं कुंती राहिली ती विदुराच्या घरी. शेवटी आश्रमवासिक पर्वात रानात उघडानागडा भटकणारा विदुर एका झाडाला टेकतो, युधिष्ठिराकडे एकटक बघतो आणि योगबळाने त्याच्या शरीरात शिरतो. मरणारा बाप आपली वाणी, प्राण, डोळे, कान मुलाच्या स्वाधीन करतो असा विधी उपनिषदांत आहे. तो माहीत असलेल्या माणसाला हा प्रसंग वेगळाच दिसतो.

आता ही यादी पुन्हा वाचा. यातली प्रत्येक गोष्ट वेगळ्या जातीची आहे. नियोग ही चालरीत. यमधर्माचं प्रकरण ही दंतकथा. कुंती कुठे राहिली, ही जवळजवळ पत्त्याची नोंद. विदुराचं मरण म्हणजे एका विधीशी जुळणारं वर्णन. यातलं एकही एकटं उभं राहत नाही. सगळी एका दिशेला बोट दाखवतात म्हणून आपण ऐकून घेतो, आणि बाई नातेसंबंधांवर आयुष्यभर काम केलेल्या मानवशास्त्रज्ञ होत्या म्हणून जरा जास्तच ऐकून घेतो. हे दुसरं कारण मला महत्त्वाचं वाटतं. 'युगान्त' वाचताना आपण महाभारताबरोबर बाईंच्या अनुभवावरही विश्वास टाकत असतो. तो अनुभव कशाकशावर उभा होता हे मात्र कोणी फारसं विचारत नाही. हा लेख त्याबद्दल आहे.

मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. आमच्याकडे एकच माहिती चार ठिकाणी सापडली की मीटिंगमध्ये पहिला प्रश्न असतो की यातली खरी कुठली, आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासात त्याचं उत्तर मिळतं. मानवशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांतही अशीच सुटसुटीत विभागणी असते. स्वतः जाऊन बघितलेलं, मुलाखती, टिपणवह्या, मोजमापं ही प्राथमिक साधनं. त्यावर दुसऱ्यांनी लिहिलेली पुस्तकं ही दुय्यम. परीक्षेला हे पुरतं. पण महाभारत यात कुठे बसवणार? त्या काळच्या माणसांबद्दलचं प्राथमिक साधन म्हणावं, तर ग्रंथ शेकडो वर्षं वाढत गेलेला. दुय्यम म्हणावं, तर तो ज्यावरून लिहिला ते मूळ कुठेय? इरावतीबाईंच्या कामात तर असे पाच प्रकार आहेत: हाडं, नात्यांची नावं, पोथी, स्वतःची पायपीट आणि प्रश्नावली. पाचही एका बाईने हाताळली, आणि प्रत्येकाच्या बाबतीत त्यांचा हात सारखा चाललेला नाही.

हाडांपासून सुरुवात करतो, कारण बाईंनीही तिथूनच केली. मुंबईत घुर्यांच्या हाताखाली एम.ए. करून त्या १९२८ साली बर्लिनला गेल्या आणि १९३० मध्ये डॉक्टरेट घेऊन परतल्या. मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, पुढे नाझी राजवटीत बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झालेले वंशशास्त्रज्ञ. विषय होता माणसाच्या कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंमधला फरक. २०२४ साली आलेल्या 'इरू' या इंग्रजी चरित्रात ऊर्मिला देशपांडे आणि थिआगो पिंटो बार्बोसा यांनी ही गोष्ट तपशिलात सांगितली आहे. गोऱ्या युरोपीय माणसांच्या कवटीत हा फरक जास्त असणार, आणि तो त्यांच्या बुद्धीची खूण असणार, अशी गुरूची अपेक्षा. बाईंनी कवट्या मोजल्या, वंशाशी त्या फरकाचा संबंध लागेना, आणि त्यांनी तसंच लिहिलं.

ही गोष्ट हल्ली धाडसाची कथा म्हणून सांगतात. ते धाडस होतंच. परदेशात, पंचविशीच्या आत, मार्गदर्शकाच्या तोंडावर. पण साधनांच्या अंगाने बघितलं तर त्या खोलीत आणखी एक प्रश्न होता. या कवट्या कोणाच्या? जर्मनीच्या आफ्रिकेतल्या वसाहतींतून माणसांची हाडं बर्लिनला गाड्या भरभरून नेली गेली होती, आणि अशा संग्रहांवरच तेव्हाचं वंशशास्त्र चाललं होतं. मोजमाप प्रामाणिक असू शकतं आणि मोजलेली वस्तू चोरीची असू शकते. या दोन गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत. आज जर्मन संग्रहालयं ही हाडं परत करण्याच्या वाटाघाटी करताहेत, तेव्हा हा मुद्दा शिळाही नाही.

भारतात आल्यावर बाईंनी मोजपट्टी खाली ठेवली नाही, हे अनेकांना खटकतं. मलाही खटकतं. पण त्यांनी त्या मोजमापांना विचारलेला प्रश्न बदलला होता. १९६८ साली कैलाश मल्होत्रांबरोबर त्यांनी महाराष्ट्रातल्या ब्राह्मणांच्या आठ अंतर्विवाही गटांची तुलना छापली. सामाजिक दर्जा एक, नाव एक, मग शरीरंही एकसारखी आहेत का? तशी ती निघाली नाहीत. म्हणजे 'ब्राह्मण' हा एक गट फुटून चित्पावन, कऱ्हाडे, देशस्थ झाले असं न मानता, वेगवेगळे गट एका नावाखाली येऊन बसले असं मानायला जागा आहे. हे घुर्यांच्या, म्हणजे त्यांच्या पहिल्या गुरूंच्या मांडणीविरुद्ध जात होतं. फिशरची मोजपट्टी जातीच्या शुद्ध उगमाच्या कल्पनेवर उलटवली गेली, असंही यावर म्हणता येईल. तरी मला ते अर्धंच पटतं. शरीर मोजून जात समजते हे गृहीत त्यात शिल्लक राहतंच, फक्त उत्तर वेगळं येतं.

नात्यांच्या नावांकडे आलं की बाई खऱ्या घरी येतात. 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' हे १९५३चं पुस्तक जाडजूड आहे, तक्त्यांनी भरलेलं आहे, आणि मोबाईलवर त्याची पीडीएफ वाचणं ही शिक्षा आहे. पण त्यातली कल्पना फार देखणी आहे. माणसं एकमेकांना काय हाक मारतात ते गोळा करा, आणि त्यावरून कोणाचं कोणाशी लग्न चालतं ते बघा. भारताचे त्यांनी चार पट्टे केले: उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व. महाराष्ट्र मधल्या पट्ट्यात. उत्तरेत नात्यात लग्न म्हणजे पाप, दक्षिणेत थोरल्या बहिणीच्या मुलीशीसुद्धा लग्न चालतं, आणि आपल्याकडे अनेक जातींत मामाची मुलगी चालते पण आत्याची नाही.

आता आपलीच भाषा बघा. जुन्या मराठी घरांत सून सासूला 'आत्याबाई' म्हणायची आणि सासऱ्याला 'मामंजी'. मुलाने मामाची मुलगी केली तर त्या मुलीची सासू म्हणजे तिची सख्खी आत्या. आत्याच्या नवऱ्याला बऱ्याच घरांत मामाच म्हणतात. म्हणजे हाक अगदी चपखल बसते. लग्नाची एक अख्खी रीत दोन शब्दांत गोठलेली सापडते, आणि ती सापडायला कुठल्या उत्खननाची गरज नाही, आजीच्या काळातली कुठलीही कादंबरी उघडा.

पण गंमत अशी की जिथे मामेबहिणीशी लग्न मुळीच चालत नाही अशा घरांतही सुना 'मामंजी' म्हणत होत्या. मग शब्द काय सांगतो? त्या घरात कधीकाळी ती रीत होती? की शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून फक्त मान देण्याची पद्धत उचलली? हा वाद मानवशास्त्रात फार जुना आहे. १९०९ साली अमेरिकन मानवशास्त्रज्ञ क्रोबरने ठासून सांगितलं होतं की नात्यांच्या शब्दांवरून समाजरचनेचे निष्कर्ष काढू नका, शब्द भाषेचे नियम पाळतात. रिव्हर्सने पाच वर्षांनी त्याला उलट उत्तर दिलं. इरावतीबाईंची जमेची बाजू ही की त्या नुसत्या शब्दांवर विसंबल्या नाहीत. वेदांतल्या नात्यांच्या शब्दांवर त्यांनी आधी स्वतंत्र काम केलं होतं, लोकगीतं आणि म्हणी गोळा केल्या होत्या, आणि प्रत्यक्ष कोणाची लग्नं कोणाशी झाली ते विचारत त्या गावोगाव फिरल्या होत्या. शब्द एक सांगतो आणि लग्न दुसरंच, अशी जागा आली की त्या थांबतात. मला त्यांचं सगळ्यात भरवशाचं लेखन हेच वाटतं, आणि ते सगळ्यात कमी वाचलं जातं.

सगळ्यात जास्त वाचलं जातं ते 'युगान्त'. त्याचा पाया आहे भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती. १९१९ साली काम सुरू झालं, १९२५ पासून विष्णु सुकथनकरांनी ते रुळावर आणलं आणि १९६६ मध्ये ते पुरं झालं. देशभरातून आणि बाहेरून गोळा केलेल्या १,२५९ हस्तलिखितांचा उपयोग त्यात झाला. काश्मिरी, बंगाली, नेवारी, मल्याळी, ग्रंथ लिपीतल्या पोथ्या समोर ठेवायच्या, ओळीला ओळ लावून बघायची, सगळीकडे सापडतं ते वर ठेवायचं, मागून भर घातलेलं दिसतं ते पानाच्या तळाशी किंवा परिशिष्टात टाकायचं. गिटवर मर्ज कॉन्फ्लिक्ट सोडवणाऱ्या कोणालाही याची कल्पना येईल. फरक इतकाच की इथे एकाही कमिटवर तारीख नाही आणि लेखक सगळे मेलेले आहेत.

आवृत्ती पूर्ण झाली आणि पुढच्याच वर्षी, १९६७ मध्ये, 'युगान्त' आलं. बाईंनी वरचा पाठ घेतला आणि तळाचा सोडला. त्याचा फायदा विलक्षण आहे. लॉकडाऊनमध्ये पुन्हा लागलेली चोप्रांची मालिका बघून 'आंधळ्याचा मुलगा आंधळा' हे द्रौपदीचंच वाक्य आहे असं ज्यांना वाटतं त्यांना सांगायला हवं की वरच्या पाठात ते नाही. तळाचं बाजूला केल्यावर माणसं कठोर होतात, देव लहान होतात. खांडववन जाळण्याचा प्रसंग बाईंनी कसा वाचलाय बघा. अग्नीची भूक वगैरे दूर सारून त्यांना तिथे दिसते शेतीसाठी जंगल जाळणारी, आणि त्यात राहणाऱ्यांना पळूही न देणारी दोन माणसं. त्या आगीतून वाचले ते फक्त सहा जीव: एक नाग, मय आणि चार पक्षी. कृष्ण आणि अर्जुन यांच्याविषयी हे लिहायला तेव्हाही छाती लागत होती, आज तर विचारूच नका.

पण मानवशास्त्रज्ञाने तळाचा मजकूर सोडून द्यावा का? माझं बाईंशी भांडण इथे आहे. प्रक्षिप्त म्हणजे खोटं नव्हे, नंतरचं. कोणीतरी, कुठल्यातरी शतकात, ती ओळ घालावीशी वाटली म्हणून घातली. दुसऱ्याने ती आवडली म्हणून उतरवून घेतली. मूळ महाभारताबद्दल ती ओळ काही सांगत नसेल, पण तिला घालणाऱ्या, ऐकणाऱ्या, डोळे पुसणाऱ्या माणसांबद्दल ती अगदी प्राथमिक साधन आहे. वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदीने कृष्णाचा केलेला धावा घ्या. चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य पाठात तो नाही. वस्त्रं येतात, धावा येत नाही. 'युगान्त'च्या दृष्टीने तो नंतरचा लेप. आणि 'युगान्त'च्या शेवटी बाई स्पष्टच म्हणतात की महाभारताचा तो कोरडा, निष्ठुर खरेपणा आपल्या वाङ्मयातून पुढे गेला आणि त्याच्या जागी भक्तीचा मऊपणा आला. त्यांना याचं दुःख आहे.

हीच बाई ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर पंढरपूरला चालत गेली.

'वाटचाल' हा त्यांचा लेख दिनकर कर्व्यांच्या इंग्रजी अनुवादातून १९६२ साली 'जर्नल ऑफ एशियन स्टडीज'मध्ये छापून आला, आणि जगभरच्या विद्यार्थ्यांनी वारी त्यातून ओळखली. त्यात तक्ते नाहीत, मोजपट्टी नाही. पाय दुखतात, पाऊस येतो, बायका ओव्या-अभंग म्हणत असतात. बाई ज्या दिंडीत होत्या तिथे ब्राह्मण आणि मराठे यांचं जेवण वेगळं शिजायचं. एकच अभंग म्हणत दिवसभर चालायचं आणि संध्याकाळी वेगळ्या पंगतीला बसायचं, हे बाईंना सोसत नाही. त्या मराठा बायकांबरोबर जेवायला जातात. त्यानंतर त्या बायका जवळ येऊन चालू लागतात, हात धरतात, ताई म्हणू लागतात. इथे माहिती कशातून मिळाली? जेवणातून. कुठलीही प्रश्नावली घेऊन त्या दिंडीत शिरल्या असत्या तर पंगती वेगळ्या आहेत ही नोंद मिळाली असती. पंगत मोडल्यावर काय होतं, हे स्वतः मोडल्याशिवाय कळणार नव्हतं. आणि त्या बायकांनी हात धरला तो एका ब्राह्मण प्राध्यापिकेचा, हेही विसरता येत नाही. दिंडीतल्या एखाद्या खालच्या मानलेल्या जातीच्या बाईने ब्राह्मणांच्या पंगतीत जाऊन बसायचं ठरवलं असतं तर तिला काय कळलं असतं, ते या लेखात असूच शकत नाही.

पोथीतून खरवडून टाकलेली भक्ती या रस्त्यावर बाईंना सगळीकडे भेटते, आणि इथे त्या तिला लेप म्हणत नाहीत. पुढे तर विठोबाला 'बॉयफ्रेंड' म्हणणारा लेखही त्यांनी लिहिला. एकाच गोष्टीला पोथीत भेसळ मानायचं आणि रस्त्यावर पुरावा मानायचं, याचा हिशोब बाईंनी कुठे मांडलेला मला दिसला नाही. ज्या बायकांनी त्यांचा हात धरला त्यांचं महाभारत धाव्यासकटचंच होतं. 'युगान्त'मध्ये त्यांना विचारलेलं नाही.

वारीच्या त्या लेखातलं सगळ्यात गाजलेलं वाक्य म्हणजे महाराष्ट्राची व्याख्या: जिथली माणसं पंढरपूरला जातात तो महाराष्ट्र. आषाढात स्टेटसवर फिरतं ते हेच. रस्त्यावर चालताना सुचलेली ही व्याख्या आहे, आणि रस्त्यावर ती खरीच वाटत असणार. पण सर्व्हरच्या लॉगमध्ये फक्त सर्व्हरपर्यंत पोचलेल्या रिक्वेस्ट असतात. ज्याच्या गावात रेंज नाही त्याची नोंद तिथे नसते, आणि ज्याने ॲप काढून टाकलं त्याचीही नसते. पंढरपूरच्या वाटेवर कर्नाटकातूनही लोक येतात. विठ्ठलाला कानडा म्हणतात ते उगाच नाही. उलट चोखामेळ्याची समाधी देवळाच्या दाराबाहेर आहे, आणि ते दार अस्पृश्यांना उघडलं ते थेट १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. १९५६ मध्ये नागपूरला ज्या लाखो लोकांनी बौद्ध धम्म घेतला त्यांनी ही वाट विचारपूर्वक सोडली. ते महाराष्ट्रातच राहिले. मुसलमानांचं, ख्रिश्चनांचं तर या व्याख्येत नावच नाही. चालून मिळालेलं ज्ञान कोण चाललं ते सांगतं. कोण चाललं नाही ते सांगायला ते अपुरं पडतं, आणि राज्याची व्याख्या करताना नेमका तोच प्रश्न असतो.

बाईंना हे कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही, कारण त्यांचं आणखी एक काम आहे. कोयना धरणाने उठवलेल्या माणसांची पाहणी त्यांनी मुलगी जाई निंबकर यांच्याबरोबर केली आणि डेक्कन कॉलेजने ती १९६९ साली छापली. बाई १९७० च्या ऑगस्टमध्ये गेल्या, म्हणजे हे अगदी शेवटच्या कामांपैकी. घरं, जमिनी, कोण कुठे गेलं, काय मिळालं, काय मिळालं नाही. वाङ्मय म्हणून त्याला कोणी बक्षीस देणार नाही. साहित्य अकादमी मिळाली ती 'युगान्त'ला. पण विजेसाठी गाव पाण्याखाली गेलेली ही माणसं सांगली, सोलापूर, रायगड, ठाण्यापर्यंत पांगली. त्यांच्यातले कित्येक अजून जमिनीच्या कागदांसाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवताहेत, आणि कचेरीत वारीचा अनुभव चालत नाही. तिथे सातबारा लागतो, तक्ता लागतो, कोणीतरी वेळेवर घेतलेली नोंद लागते.

'युगान्त' वाचलेले माझे डझनभर तरी मित्र-मैत्रिणी असतील. त्यातल्या एकानेही कोयनेचा अहवाल पाहिलेला नाही.